एकच डाग, तीन चित्रं आणि घरात तीन पक्ष

गच्चीकर | शनिवार, रात्री ९.१२

मंडळी, डोकं भंजाळलंय. जाणकारांनी सोडवा.

गेल्या रविवारी सकाळी सव्वाआठला साताऱ्यात आमच्या गच्चीवर दुर्बीण लावली. १०२ मिमीची भिंगाची दुर्बीण, मागे हर्शेल वेज, ५४० नॅनोमीटरचा हिरवा फिल्टर, चित्र दुप्पट मोठं करणारं बार्लो भिंग (एकूण फोकल लेंग्थ १४२८ मिमी), २.४ मायक्रॉन पिक्सेलचा मोनो कॅमेरा. सूर्यावर डागांचा छान समूह होता. त्याच्या २००० फ्रेम घेतल्या. एक्स्पोजर २ मिलिसेकंद, सगळा कारभार ३३ सेकंदांत आटोपला.

त्याच व्हिडिओतून तीन चित्रं काढली. चित्र अ: ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमध्ये उत्तम १०% फ्रेम निवडून थर लावले, दीडपट ड्रिझल केलं (म्हणजे पिक्सेल बारीक करून चित्र मोठं केलं) आणि रजिस्टॅक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हलेटचे, म्हणजे बारीक तपशील उठावदार करणारे, स्लायडर हात आखडता न घेता ओढले. चित्र आ: तोच थर ड्रिझलविना, त्यावर लूसी-रिचर्डसन डिकॉन्व्होल्युशन (धूसरपणा गणिताने उलटवायची रीत), ६० आवर्तनं. चित्र इ: आपल्या पायथॉनपंतांना ३०० फ्रेम पाठवल्या, त्यांनी मल्टिफ्रेम ब्लाइंड डिकॉन्व्होल्युशन की काय ते करून दिलं.

तिन्ही वेगळी! अ मध्ये डागाच्या उपच्छायेत (काळ्या गाभ्याभोवतीच्या फिकट पट्ट्यात) केसासारखे बारीक धागे दिसतात, बघत राहावं असं. आ मध्ये ग्रॅन्युल (सूर्याच्या पृष्ठभागावरचे उकळीचे दाणे) म्हणजे मोत्यांची माळ. इ जरा मऊ, कॉन्ट्रास्ट कमी, पण ग्रॅन्युलच्या कडा सलग. बायकोचं मत अ ला, मुलाचं आ ला, पंत अर्थातच इ ला. डावीकडे खाली एक एकटं काळं छिद्र (पोर) आहे, ते मात्र तिन्हींत आहे, म्हणजे त्याच्याबद्दल तरी वाद नाही.

प्रश्न साधा आहे. सूर्य एकच, मग यातला खरा कुठला?

सोलापुरी_चादर | शनिवार, रात्री ९.२०

खरा सूर्य बघायचाय तर मे महिन्यात दुपारी दोनला आमच्याकडे या. कसलंही डिकॉन्व्होल्युशन लागत नाही, थेट मेंदूवर थर लागतात.

झूमलेन्स | शनिवार, रात्री ९.४१

अ. डोळे झाकून अ. फोटो बघणाऱ्यासाठी असतो, मोजणाऱ्यासाठी नाही. हल्ली एआय शार्पनिंग मिळतं, त्यातून एकदा फिरवा, धागे अजून खुलतील.

वाचनमात्र_विजू | शनिवार, रात्री ९.४४

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. काका येतीलच.

प्रकाशकाका | शनिवार, रात्री १०.०५

आलो. विजू, पॉपकॉर्न जपून खा, दात राहिलेत किती.

गच्चीकर, आधी कागद-पेन्सिल. तरंगलांबी भागिले व्यास. ५४० नॅनोमीटर भागिले १०२ मिलिमीटर, त्याच्या विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) केल्या तर १.०९. तुमच्या दुर्बिणीची ही लक्ष्मणरेषा. सूर्यावर एक विकला म्हणजे साधारण ७२५ किलोमीटर, तेव्हा ८०० किमीपेक्षा बारीक काही तुमच्या भिंगातून आत आलेलंच नाही. तुमचा पिक्सेल ०.३५ विकलांचा, दीडपट ड्रिझलनंतर ०.२३ चा. चित्र मोठं करून पाहिलं, तुमचे ते केसासारखे धागे जेमतेम दोन पिक्सेल जाड आहेत. म्हणजे ०.४६ विकला. जी माहिती दुर्बिणीत शिरलीच नाही ती स्लायडर ओढून कुठून येणार? विहिरीत नाही ते पोहऱ्यात आलं, तर पोहऱ्यावर संशय घ्यावा.

गच्चीकर | शनिवार, रात्री १०.१८

काका, दोन तास बसून ओढलेले धागे होते हो ते. :(

पण उपच्छायेत धागे असतात हे तर खरं ना? मोठ्या दुर्बिणींच्या चित्रांत अगदी असेच दिसतात.

प्रकाशकाका | शनिवार, रात्री १०.२६

असतात की. इतके बारीक असतात की प्रत्येक तंतूच्या मधोमध एक काळी रेघ असते, हेच मुळी २००२ साली कळलं, कॅनरी बेटांतल्या ला पाल्माच्या १ मीटरच्या स्वीडिश दुर्बिणीतून. तिची रेषा ०.१ विकलेची. तुमचे धागे आणि ते धागे यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही. शेजारच्या गावात जत्रा आहे म्हणून आपल्या अंगणातला आवाज जत्रेचाच, असं थोडंच असतं.

मोगरा७ | रविवार, पहाटे २.३७

इकडे जर्मनीत अजून रात्र आहे, म्हणून सविस्तर टंकते. कॅनरी बेटांवरच्या दुर्बिणींचा डेटा सोलणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग, त्यामुळे राहवत नाही.

काकांचं गणित बरोबर, पण ती झाली वरची मर्यादा. हवा तिथपर्यंतसुद्धा पोचू देत नाही. हौदाच्या तळाशी पडलेलं नाणं बघताना वर कुणी हात फिरवला तर जे होतं ते. हवेचा एकसारखा वागणारा तुकडा किती मोठा, याला फ्रीडचा आर-नॉट म्हणतात. दिवसा, ऊन तापलेलं असताना, चांगल्या जागीही तो १० सेंटिमीटरच्या आसपास, गच्चीवर ३-४ मिळाले तरी नशीब. मिलिसेकंदांचं एक्स्पोजर घेतलं की हलणारं पाणी गोठतं. प्रत्येक फ्रेम वाकडी येते, पण वेगळ्या तऱ्हेने वाकडी, आणि त्या वेगळेपणातच माहिती दडलेली असते. ती उपसायच्या रीती वेगवेगळ्या, भांडण तिथून सुरू.

पहिलं घराणं स्पेकलवाल्यांचं (स्पेकल म्हणजे हवेने फोडलेल्या चित्रातले ठिपके). १९७० मध्ये लाबेरीने दाखवलं की अशा खूप फ्रेमच्या फूरिये वर्गांची (चित्र लहान-मोठ्या लहरींत फोडून प्रत्येकीच्या ताकदीचा वर्ग) सरासरी काढली तर बारीक तपशिलाचं बळ शिल्लक राहतं. साधी सरासरी काढली की ते पुसलं जातं. पण यात फक्त बळ मिळतं, जागा मिळत नाही. म्हणजे वरणात मीठ किती पडलंय ते कळलं, पण ताटात वरण कुठे वाढलंय ते नाही. जागा, म्हणजे फेज, मिळवायला १९७४ ला नॉक्स-थॉम्प्सन पद्धत आली आणि पुढे जर्मनीत वायगेल्टच्या गटाने तिहेरी सहसंबंध काढला, ज्याला स्पेकल मास्किंग म्हणतात. सूर्यासाठी आणखी एक अडचण होती. ताऱ्यांवाले शेजारचा एकटा तारा बघून हवा मोजतात. सूर्यावर शेजारी कोण? सगळीकडे सूर्यच. १९८४ मध्ये फॉन डेर ल्यूहने खुद्द ग्रॅन्युलेशनच्या फ्रेमवरूनच आर-नॉट काढायची युक्ती दिली आणि मग गाडी चालली.

दुसरं घराणं ब्लाइंड डिकॉन्व्होल्युशनचं. ते स्टॉकहोमवाल्यांनी ला पाल्माच्या दुर्बिणीसाठी जोपासलं. २००५ च्या मॉमफब्डचं (मल्टि-ऑब्जेक्ट, मल्टि-फ्रेम वगैरे लांबलचक नावाचं हे लघुरूप) काम असं, की सूर्याचं चित्र आणि प्रत्येक फ्रेममधली हवेची वाकडी लाट, दोन्ही एकदम अज्ञात धरायची आणि सगळ्या फ्रेमना एकाच वेळी पटेल असं उत्तर शोधायचं. तिची चुलत बहीण फेज डायव्हर्सिटी: दोन कॅमेरे एकाच क्षणी, त्यातला एक मुद्दाम ठरलेल्या मापाने फोकसबाहेर.

कोण सरस? अर्धं आयुष्य यावर चहा पिताना गेलंय. माझं मत: दोघी खोटं बोलतात, पण वेगवेगळ्या बाबतीत.

स्पेकलला शंभरेक फ्रेम लागतात आणि त्या सूर्य हलायच्या आत घ्याव्या लागतात. ०.१ विकला म्हणजे सूर्यावर ७० किमी, तिथला ध्वनीचा वेग सेकंदाला ७ किमीच्या घरात, म्हणजे दहा सेकंदांत उरका. आकार ती छान देते. कॉन्ट्रास्ट मात्र हवेच्या गणिती नमुन्यावरून परत लावते. आर-नॉट चुकला की ग्रॅन्युल गरजेपेक्षा जास्त चमकतात किंवा फिके पडतात. त्यात ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्स (हवेचा वाकडेपणा आरसा वाकवून तिथल्या तिथे सुधारणारी यंत्रणा) असेल तर आणखी गोंधळ: मधोमध सुधारणा जास्त, कडेला कमी, म्हणून नमुना जागेनुसार बदलावा लागतो. २००८ च्या वोगर आणि फॉन डेर ल्यूहच्या किसिप या प्रणालीत ते सांभाळलंय. हवाईच्या हालेआकाला पर्वतावरच्या ४ मीटरच्या इनुये दुर्बिणीची २०२० मध्ये गाजलेली ती 'शेंगदाण्याच्या चिक्की'सारखी चित्रं आठवतात? स्पेकलचीच.

मॉमफब्ड कमी फ्रेममध्ये भागवते. म्हणून एका वर्णरेषेत पंधरा-वीस तरंगलांबींवर झटपट फिरणाऱ्या उपकरणांना ती फार आवडते. प्रत्येक ठिकाणी मोजक्याच फ्रेम, आणि सोबत सतत चालणारा रुंद पट्ट्याचा कॅमेरा साक्षीला. पण ती हवेची लाट ठरावीक आकारांच्या बेरजेतच मांडते. बेरजेबाहेरच्या बारीक सुरकुत्या मोजल्याच जात नाहीत. त्यांचं पातळ धुकं चित्रावर राहतं आणि कॉन्ट्रास्ट पडतो.

गच्चीकर, तुमचं चित्र इ मऊ का, याचं उत्तर बहुधा इथे आहे.

वाचनमात्र_विजू | रविवार, सकाळी ८.०२

दंडवत ताई. अर्धं डोक्यावरून गेलं, उरलेलं अर्धं गेलं हे चहानंतर कळेल. वाचनखूण साठवली आहे.

खोडदचा_शेजारी | रविवार, सकाळी ८.३०

मोगराताई, तुमच्या तिहेरी सहसंबंधाने मला घरची आठवण झाली. मी नारायणगावचा, आमच्या शेजारी खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या. रेडिओवाल्यांकडे हीच गंमत 'क्लोजर फेज' नावाने चालते. तीन तबकड्यांचा त्रिकोण घ्या. प्रत्येकीवरची हवा (आमच्याकडे आयनांबर) आपापली चूक घालते. पण त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंचे फेज फेरी मारून बेरजेत घेतले की प्रत्येक तबकडीची चूक एकदा अधिक, एकदा उणे येते. कटली! उरते ती आकाशाची खरी गोष्ट. ही युक्ती १९५८ पासूनची आहे. म्हणजे प्रकाशवाल्यांना तीच विहीर पुन्हा खणावी लागली म्हणायची.

मोगरा७ | रविवार, दुपारी १२.१५

अगदी बरोबर. तुमच्या तबकड्यांऐवजी आमच्याकडे एकाच आरशावरचे ठिपके. नातं सख्खं आहे.

पायथॉनपंत | रविवार, दुपारी १.५०

आरोपी हजर आहे. :)

चौकात अपघात झाला. शंभर जणांनी पाहिला, प्रत्येकाच्या डोळ्यावर कुणा दुसऱ्याचा चष्मा. पोलिसाला दोन गोष्टी शोधायच्यात: अपघात कसा झाला आणि कुणाच्या चष्म्याचा नंबर किती. एकाच साक्षीदाराकडून दोन्ही काढता येत नाहीत, कारण 'ट्रक वाकडा होता' आणि 'चष्मा वाकडा होता' यांत फरक करता येत नाही. शंभर साक्षी जुळवल्या की येतो. मी केलं ते हेच.

कबुलीजबाब: मी लाटेचे फक्त ३० आकार धरले होते. लॅपटॉपचा पंखा रात्री दोनपर्यंत किंचाळत होता, आई उठून विचारून गेली की गिरणी कशाला सुरू केलीस. ताई म्हणतात ते उरलेलं धुकं खरंच असणार. चित्राचे ५ विकलांचे चौकोन करून प्रत्येकाचं वेगळं गणित केलंय, कारण हवा चित्रभर एकसारखी नसते. एका जागेचा चष्मा दुसरीकडे चालत नाही. चौकोनांचे सांधे दिसले तर माफी.

झूमलेन्स | रविवार, दुपारी २.१०

शंभर साक्षीदार, पंखा, गिरणी... आणि शेवटी चित्र मऊच! माझं एआय दहा सेकंदांत करतं. प्रोफेशनल लोकही न्यूरल नेटवर्क वापरतातच की.

मोगरा७ | रविवार, दुपारी ३.२२

वापरतात. २०१८ मध्ये ॲसेन्सिओ रामोस आणि सहकाऱ्यांनी नेटवर्कला स्वीडिश दुर्बिणीच्या फ्रेम आणि त्यांची मॉमफब्डने सुधारलेली चित्रं दाखवून शिकवलं. आता ते मॉमफब्डचं काम तिच्या कितीतरी पट वेगाने करतं. पण फरक बघा, झूमभाऊ. त्याने सूर्यावरून, त्याच दुर्बिणीवरून, त्याच कॅमेऱ्यावरून धडे घेतले. तुमच्या ॲपने मांजरं, लग्नं आणि समुद्रकिनारे पाहिलेत. उपच्छायेत ते मांजराचे केस भरणार.

झूमलेन्स | रविवार, दुपारी ३.२५

हहपुवा. मांजराचा सूर्य चालेल मला. पण भिंतीवर कुठलं लावणार, ते सांगा ना.

आईसाहेब_ऑन_ड्यूटी | रविवार, दुपारी ४.००

मध्येच तोंड घालते. माझी सातवीतली मुलगी हा धागा वाचून दुर्बीण मागतेय. हर्शेल वेज काय प्रकार? मुलाच्या हातात द्यावं का?

प्रकाशकाका | रविवार, दुपारी ४.१८

ताई, बरं केलंत विचारलंत. वेज म्हणजे काचेची पाचर. तिच्या पृष्ठभागावरून सुमारे ५% प्रकाश परततो, तोच डोळ्याकडे जातो, बाकीचा पलीकडे उष्णतेच्या रूपात बाहेर. तरीही त्यापुढे आणखी गडद फिल्टर लागतोच, आणि ती फक्त भिंगाच्या दुर्बिणीलाच लावायची. मुलीसाठी दुर्बिणीच्या तोंडावर पूर्ण बसणारी सौर फिल्म घ्या. दर वेळी उजेडात धरून टाचणीएवढंही छिद्र नाही ना ते बघा. शोधक दुर्बीण काढून ठेवा, नाहीतर पोरं त्यातूनच डोकावतात. आयपीसमागे लावायचे जुने गडद काचेचे तुकडे मिळाले तर सरळ कचऱ्यात. उन्हाने तडकतात आणि मग डोळा जातो.

आईसाहेब_ऑन_ड्यूटी | रविवार, दुपारी ४.२१

फिल्म. नोंद केली. धन्यवाद काका.

सोलापुरी_चादर | रविवार, संध्याकाळी ६.१०

अवांतर: गच्चीकर, गच्ची सिमेंटची की पत्र्याची? माझ्या साध्या डोक्याला वाटतं, आधी हवा चांगली मिळवा, गणित नंतर.

गच्चीकर | रविवार, संध्याकाळी ६.३०

सिमेंटची. साडेनऊनंतर सूर्य नुसता उकळत्या आधणासारखा हलतो. मागच्या महिन्यात गोणपाटं भिजवून अंथरली. वीस मिनिटं बरं चाललं, मग शेजाऱ्यांनी 'वाळवण घालताय का' म्हणून विचारलं.

खोडदचा_शेजारी | रविवार, संध्याकाळी ७.०५

गच्चीपेक्षा शेतात या. ओल्या गवतावर सकाळी आठ ते साडेनऊ सोनं असतं.

यावरून आठवलं, उदयपूरला फत्तेसागर तलावातल्या बेटावर सौर वेधशाळा आहे, १९७५ सालची, अरविंद भटनागरांनी उभी केलेली. तलाव उगाच नाही निवडला. पाणी जमिनीसारखं चटकन तापत नाही, त्यामुळे वरची हवा शांत राहते. आता तिथे ५० सेंटिमीटरची मास्ट दुर्बीण आहे. कॅलिफोर्नियातली बिग बेअर सौर वेधशाळाही तळ्यातच.

मोगरा७ | रविवार, रात्री १०.४०

आणि लडाखमध्ये पँगाँगच्या काठी, मेरकला, २ मीटरच्या राष्ट्रीय सौर दुर्बिणीचं स्वप्न. तळं आणि उंची दोन्ही एकत्र. ते झालं की मी सामान बांधून परत.

प्रकाशकाका | सोमवार, सकाळी ७.१५

धागा तळ्यात गेलाय, वर ओढतो. मोगरा, तुझं ज्ञान मोठं, पण एका मुद्द्यावर असहमत. चार इंचाच्या दुर्बिणीला ही घराणी-बिराणी हवीत कशाला?

फ्रीडनेच १९७८ मध्ये हिशेब करून ठेवलाय: दुर्बिणीचा व्यास आर-नॉटच्या किती पट, त्यावर 'नशीबवान' फ्रेमची शक्यता ठरते. सातपट असेल तर तीनशे-चारशे फ्रेममागे एक. दहापट असेल तर दहा लाखांत एक. १ मीटरची दुर्बीण, १० सेंटिमीटरची हवा, म्हणजे दहापट. ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्स आणि तुमच्या गणिताशिवाय ती माणसं मेली. गच्चीकरांचं मात्र १० सेंटिमीटर भागिले ४, म्हणजे अडीचपट. इथे निम्म्याहून जास्त फ्रेम बऱ्याच येतात. चांगल्या निवडा, थर लावा, हलक्या हाताने डिकॉन्व्होल्युशन करा, झालं. डास मारायला तोफ कशाला?

मोगरा७ | सोमवार, दुपारी १२.४०

काका, निम्मी सहमत. फ्रीडचा हिशेब एका छोट्या तुकड्यापुरता आहे. अख्खा डागसमूह एकाच फ्रेममध्ये सगळीकडे चांगला असणं ही वेगळी लॉटरी. ऑटोस्टॅकर्ट ठिकठिकाणी वेगळे बिंदू धरून जुळवतं, म्हणून ते चालून जातं. पण तुमचा निष्कर्ष मान्य: त्यांच्या व्यासाला इ आणि नेटका आ यांत फारसा फरक पडू नये. आणि पडलाच, तर कुणीतरी जास्त ओढलंय.

गच्चीकर, ६० आवर्तनं कुणी सांगितली? लूसी-रिचर्डसनला थांबायचं कुठे ते कळत नाही. सुरुवातीला चित्र सावरतं, पुढे पुढे कॅमेऱ्याच्या नॉइझलाच मणी समजून घडवत बसतं. तुमची मोत्यांची माळ ती आहे.

आणि आता मूळ प्रश्न. कुठलं खरं ते इथे मतदान करून ठरणार नाही. दोन परीक्षा घ्या. पहिली, २००० फ्रेमचे दोन भाग करा आणि दोन्ही भाग त्याच तीन रीतींनी वेगवेगळे चालवा. दोन्ही अर्ध्यांत सापडतं ते ठेवा, एकातच सापडतं ते टाका. दुसरी, नासाच्या एसडीओ यानावरच्या एचएमआय उपकरणाचं त्याच वेळचं चित्र उतरवून घ्या. ते २०१० पासून वर आहे, त्याला हवेचा त्रास नाही, आणि त्याचं भिंग १४ सेंटिमीटरचं, पिक्सेल अर्ध्या विकलेचा. म्हणजे तुमच्यापेक्षा जरासंच सरस. तुमच्यासाठी याहून योग्य परीक्षक कुठला? दर ४५ सेकंदांनी चित्र असतं, फुकट.

खोडदचा_शेजारी | सोमवार, दुपारी १.०५

एक सूचना. दोन भाग करताना सम-विषम फ्रेम घेऊ नका, पहिल्या हजार आणि शेवटच्या हजार घ्या. सम-विषम अर्ध्यांत हवा तीच, चित्राची सेन्सरवरची जागाही तीच, त्यामुळे चुकासुद्धा जुळतील आणि तुम्ही टाळ्या वाजवाल. १ विकलेच्या पातळीवर ३३ सेकंदांत सूर्य फारसा हलत नाही, तेव्हा पहिला-शेवटचा चालेल.

गच्चीकर | सोमवार, दुपारी १.३०

करतो. दोनच दिवस द्या, ऑफिसात मार्चअखेर आहे.

वाचनमात्र_विजू | बुधवार, रात्री ८.५५

मार्चअखेर संपला का? पॉपकॉर्न मऊ पडले.

गच्चीकर | गुरुवार, रात्री ११.२०

निकाल घेऊन आलोय.

चित्र अ चे दोन अर्धे एकावर एक ठेवून उघडझाप केली. काका, सांगायला जड जातंय. धागे जुळलेच नाहीत. एका अर्ध्यात डावीकडे वळलेले, दुसऱ्यात उजवीकडे. डागाच्या कडेने जी शुभ्र किनार मला सगळ्यात आवडली होती ती दोन्हींत आहे, पण एचएमआयच्या चित्रात तिचा पत्ता नाही. म्हणजे वेव्हलेटने कडेला काढलेली कड.

आ: ६० आवर्तनांचे मोती विखुरले. १२ वर आणलं आणि चकित झालो. दोन्ही अर्धे जवळपास सारखे, एचएमआयशीही ग्रॅन्युल ग्रॅन्युलला जुळतात.

इ: पंतांनी आकार ३० वरून ६० केले, गिरणी पुन्हा रात्रभर. कॉन्ट्रास्ट वाढला. आता १२ आवर्तनांचं आ आणि नवं इ शेजारी ठेवलं तर मला फरक सांगता येत नाही. कडेच्या भागात, जिथे हवा जास्त बिघडली होती, तिथे मात्र इ थोडं सरस वाटतं.

प्रकाशकाका | शुक्रवार, सकाळी ६.५०

तोफ आणि चप्पल, दोघींनी एकच डास मारला. पण कडेचा मुद्दा मान्य, तिथे मोगरा जिंकली. असं मी फार वेळा लिहीत नाही, कुणीतरी स्क्रीनशॉट काढा.

मोगरा७ | शुक्रवार, दुपारी १२.०५

काढला. :D

गच्चीकर | शुक्रवार, रात्री ९.३०

एक सांगायचं राहिलं. काल लिहायची लाज वाटली.

ते डावीकडचं एकटं छिद्र. अ मध्ये आहे, आ मध्ये आहे, इ मध्ये आहे, दोन्ही अर्ध्यांत आहे. तिन्ही पद्धतींचं ज्यावर एकमत होतं ते तेवढंच. एचएमआयमध्ये नाही. त्या जागी साधे ग्रॅन्युल. मी वेळ तपासली, चित्र फिरवून पाहिलं, आधीचं आणि नंतरचं चित्र उतरवलं. नाही म्हणजे नाही. मग मोठं करून पाहिलं तर दोन्ही अर्ध्यांत त्याची जागा एकदोन पिक्सेलने सरकलेली, आणि आकार जरासा लांबट, ज्या दिशेने माझं माउंट (दुर्बीण फिरवणारी बैठक) सरकतं त्याच दिशेला.

खोडदचा_शेजारी | शुक्रवार, रात्री ९.३८

धूळ.

गच्चीकर | शुक्रवार, रात्री ९.४०

सेन्सरच्या काचेवर. आत्ता टॉर्च मारून बघितली, सुईच्या टोकाएवढी आहे.

पायथॉनपंत | शुक्रवार, रात्री ९.५२

आणि मी दोन रात्री गिरणी चालवून तिला इतकी रेखीव केली! फ्लॅट फ्रेम (कॅमेऱ्यातली धूळ-डाग वजा करायला घेतात ते कोरं, एकसारखं उजळ चित्र) घेतली नव्हतीस का रे?

गच्चीकर | शुक्रवार, रात्री ९.५५

फ्लॅट कशी घेतात सूर्याची?

प्रकाशकाका | शुक्रवार, रात्री १०.१०

वेज आणि फिल्टर जागच्या जागी ठेवून तोंडावर पांढरी पातळ प्लॅस्टिक पिशवी ताणून बांधा, सूर्याच्या मध्यावर रोखा, फोकस पूर्ण घालवा, दोनशे फ्रेम. प्रत्येक वेळी, कॅमेरा न हलवता. पिशवी किराणावाल्याची चालते, पण छापील नको.

सोलापुरी_चादर | शुक्रवार, रात्री १०.१४

छापील घेतली तर सूर्यावर 'उधार बंद आहे' उमटेल.

झूमलेन्स | शुक्रवार, रात्री १०.२२

धूळ की छिद्र ते असू दे. भिंतीवर कुठलं लागलं?

गच्चीकर | शुक्रवार, रात्री १०.३१

बायकोने अ छापून आणलंय, सोळा बाय वीसचं, फ्रेमसकट. हॉलमध्ये लावलंय. धुळीसकट. मी रविवारी पिशवी घेऊन वर जातोय.